तुळईखालची फट

दोन महिन्यांचं बाळ. चार घोट घेतं, सोडतं, धापा टाकतं, पुन्हा दोन घोट घेतं आणि आईच्या कुशीत मान टाकून झोपून जातं. "प्यायला फार आळशी आहे हो मॅडम," आई सांगते. जानेवारीतली सकाळ, पंखा बंद, खिडकी अर्धी लोटलेली. मी बाळाच्या कपाळावरून बोट फिरवते तर बोट ओलं होतं. झबलं वर सारून सेकंदकाट्यावर श्वास मोजते, पूर्ण एक मिनिट. ६८. काट्यावर ठेवते. जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम होतं, आज ३ किलो ३००. एव्हाना साडेचारच्या आसपास जायला हवं होतं. स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधीच निम्मं कळलेलं असतं.

मग लावते, ऐकते आणि सांगते, की टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ, हृदयाच्या पडद्यात भोक असावं असं वाटतंय.

या वाक्यानंतर काय होतं ते मी तीस वर्षं पाहत आले आहे. बाप घसा खाकरतो, त्याच्या डोक्यात खर्चाचा आकडा फिरायला लागलेला असतो. आई बाळाकडे बघत नाही, सासूकडे बघते. आणि आजी पदर तोंडाशी नेऊन म्हणते, "गिऱ्हाणात भाजी चिरली व्हती हिनं. मी तवाच बोलले व्हते."

आजचं हितगुज त्या आईशी आहे. बापाने आणि आजीनेही जवळ बसावं, कारण बाहेर गेल्यावर बोलणार तेच आहेत.

आधी ग्रहणाचं मिटवून टाकू. ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता? सातवा. बाळाचं हृदय बांधून पुरं कधी होतं? पाळी चुकल्याला आठवडा होतो न होतो तोच ते धडधडायला लागतं, तेव्हा ती नुसती एक नळी असते. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत ती नळी वळते, फुगते, तिच्यात भिंती उभ्या राहतात, झडपा तयार होतात. म्हणजे तुम्ही नवऱ्याला बातमी सांगून, पहिल्या सोनोग्राफीची तारीख घेऊन येता, तोवर बांधकाम बरंचसं उरकलेलं असतं. सातव्या महिन्यातली विळी त्या भिंतीपर्यंत पोचणार कशी? पपई, जिना, बसचे धक्के, शेजारणीची नजर यांचंही तेच. शंभर मुलांमागे साधारण एका मुलाच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. ज्या घरांत ग्रहण कडक पाळतात तिथेही असतो.

मग कारण काय? बहुतेक वेळा बोट ठेवता येईल असं एक कारण सापडतच नाही. काही ठिकाणी सापडतं: गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला, ताब्यात नसलेला मधुमेह, फिटची काही औषधं, दारू, जवळच्या नात्यातलं लग्न, डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा फरक. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, म्हणून त्यांचा इको लक्षणांची वाट न पाहता करतात. पुढच्या बाळंतपणाआधी यातल्या काही गोष्टी नीट करता येतात, रुबेलाची लस घेता येते, साखर ताब्यात आणता येते. पण झालेल्या बाळाच्या आईला त्यावरून बोल लावणं हा रिकामा उद्योग आहे आणि माझ्या खोलीत मी तो चालू देत नाही.

आता भिंतीकडे येऊ. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असताना शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये आमच्या सरांनी फॉर्मेलिनमधलं एक हृदय उघडून हातावर धरलं आणि पडद्याच्या मागून टॉर्च लावला. खालच्या दोन कप्प्यांमधली भिंत काळीकुट्ट राहिली. बोटाएवढ्या जाडीचा स्नायू तो, त्यातून उजेड येतो कुठला. पण अगदी वर, महारोहिणीच्या, म्हणजे अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या झडपेखाली, नखाएवढा एक तुकडा लालसर उजळला, जणू तेल लावलेला कागद. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातही तसाच एक लंबगोल डाग उजळला. "जिथं उजेड दिसतोय," सर म्हणाले, "तिथं निसर्गानं काम सगळ्यात शेवटी केलंय." इतक्या वर्षांत पुष्कळ व्याख्यानं ऐकली, हे एक वाक्य राहिलं.

हृदयाला चार कप्पे, हे तुम्ही शाळेत शिकलात. कुठल्या पुस्तकात त्यांना कर्णिका-जवनिका म्हणतात, कुठल्या पुस्तकात अलिंद-निलय. आपण वरचे आणि खालचे म्हणू. उजव्या बाजूला शरीरातून आलेलं, प्राणवायू खर्च झालेलं रक्त, ते फुप्फुसात जातं. डाव्या बाजूला फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त, ते अंगभर जातं. मधे उभी भिंत, म्हणजे पडदा. दोन्हींचं पाणी एक होऊ नये एवढंच त्याचं काम.

खालच्या कप्प्यांची भिंत गवंड्याच्या भिंतीसारखी तळातून वर चढते. घर बांधलेल्या कुणालाही विचारा, भिंत भराभर वर येते आणि तुळईखालचा शेवटचा थर तेवढा त्रास देतो. वीट पुरी मावत नाही, तुकडा घालावा लागतो, गिलावा चेपावा लागतो. इथेही तसंच. खालून चढलेला स्नायू, वरून उतरलेल्या गाद्या, समोरून आलेली रोहिणीची भिंत, सगळ्यांची गाठ महारोहिणीच्या झडपेखाली पडते आणि उरलेली फट पातळ पापुद्र्याने बुजते. ती बुजली नाही तर भोक राहतं. यालाच इकोच्या रिपोर्टात व्हीएसडी म्हणतात, आणि ज्या व्हीएसडींवर उपचार करावे लागतात त्यांतले बहुतेक याच कोपऱ्यातले. खाली स्नायूत पडलेली भोकं वेगळी. स्नायू मूल वाढेल तसा वाढतो, आवळतो, आणि त्यातली कितीतरी छोटी भोकं वर्षा-दोन वर्षांत आपोआप मिटतात.

वरच्या कप्प्यांची गोष्ट निराळी, आणि मला ती जास्त आवडते. तिथे भोक असावंच लागतं. पोटात बाळ श्वास घेत नाही. फुप्फुसं मिटलेली असतात, प्राणवायू नाळेतून येतो. तेव्हा उजवीकडे आलेलं हे चांगलं रक्त फुप्फुसाचा वळसा न घेता थेट डावीकडे जावं म्हणून पडद्यात एक झापडीची खिडकी ठेवलेली असते. बाळ बाहेर येतं, पहिला टाहो फोडतं, फुप्फुसं उघडतात, डावीकडचा दाब वाढतो आणि झापड दाबून बसते. पुढे ती चिकटते. चारांतल्या एका माणसात ती पुरती चिकटत नाही आणि बहुतेकांना ते जन्मभर कळतही नाही. म्हणून दोन दिवसांच्या बाळाच्या रिपोर्टात 'पीएफओ' ही तीन अक्षरं दिसली तर रात्रभर जागू नका. झापडच अपुरी पडली किंवा पडद्याचा तुकडाच बनला नाही, तर मात्र ते खरं भोक, त्याला एएसडी म्हणतात.

वैद्यकाचा इतिहास वाचताना मला एका गोष्टीचं नेहमी हसू येतं. दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या ग्रीक वैद्याने सांगितलं, की निरोगी हृदयाच्या खालच्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात आणि रक्त त्यातून झिरपतं. हजार वर्षांहून जास्त काळ त्याच्या परंपरेतले वैद्य ते मानत राहिले. तेराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-नफीसने लिहून ठेवलं, की भिंत भरीव आहे, रक्त फुप्फुसातूनच जातं. युरोपात हे पक्कं व्हायला १६२८ साली विल्यम हार्वीचं पुस्तक यावं लागलं. म्हणजे एके काळी भोक नसलेलं हृदय वैद्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. असो.

आता आवाजाकडे. गेल्या महिन्यात चार वर्षांचा एक मुलगा खोकल्यासाठी आला. दारातून धावत आला, माझ्या टेबलावरचा पेपरवेट पळवला, खुर्चीवर चढला. छातीला स्टेथोस्कोप लावला तर अख्ख्या ठोक्यावर घासत गेलेला, नळाला फट पडल्यावर येतो तसा सू-सू आवाज. आईचा तळहात धरून मी त्याच्या छातीच्या हाडाला लागून डावीकडे ठेवला. तिने झटकन मागे घेतला. आत मांजर गुरगुरतंय असं वाटतं. ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, हा आवाज चांगला आहे.

डाव्या खालच्या कप्प्याचा दाब उजव्याच्या चार-पाच पट असतो. मोठ्या माणसात १२० विरुद्ध २५ धरा. भोक लहान असलं की या दाबाने रक्ताची पिचकारी उडते आणि मोठा आवाज होतो, पण रक्त जातं थोडंसं. १८७९ साली पॅरिसच्या आंरी रोजे यांनी हेच लिहिलं, आवाज मोठा आणि त्रास काहीच नाही. त्या मुलाचा इको केला, ३ मिलिमीटर. रिपोर्टात 'ग्रेडियंट ८०' असं काही असलं की आईबाप ८० बघून घाबरतात. व्हीएसडीत हा आकडा मोठा असणं बहुधा चांगलं. दोन्ही बाजूंच्या दाबात अजून अंतर आहे, भिंत आपलं काम बरंचसं करतेय, असा त्याचा अर्थ. या मुलाला औषध नाही, पथ्य नाही, खेळायला बंदी नाही. दात स्वच्छ ठेवायचे, कारण किडक्या दातातले जंतू रक्तातून येऊन हृदयात घर करू शकतात. आणि भोक महारोहिणीच्या झडपेजवळ असेल तर वर्षाकाठी एकदा इको, कारण झडपेची एक पाकळी त्या पिचकारीच्या ओढीने हळूहळू भोकाकडे खेचली जाऊन गळू शकते.

मोठं भोक गप्प असतं. दार सताड उघडं, मग शिट्टी कशाला वाजेल? आणि एएसडी तर जवळजवळ मुकाच, वरच्या दोन कप्प्यांच्या दाबात फारसा फरक नसतो. डॉक्टरला तिथे ठोक्याचा दुसरा आवाज फाटलेला ऐकू येतो, तोही मूल गप्प बसलं तर. म्हणून एएसडी शाळेच्या तपासणीत सापडतो, बाळंतपणात सापडतो, चाळिशीत छाती धडधडते म्हणून गेलेल्या बाईत सापडतो. बायकांत तो पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो.

आणखी एक. मोठा व्हीएसडी असलेलं बाळ जन्मल्याबरोबर छान दिसतं. दवाखान्यातून घरी जाताना डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, आणि त्या दिवशी ते खरंच ठीक दिसत असतं. पहिले काही आठवडे फुप्फुसांतला दाब चढाच असतो, त्यामुळे भोकातून फारसं काही जात नाही. तो उतरत जातो तसं डावीकडचं रक्त उजवीकडे आणि तिथून फुप्फुसात कोसळायला लागतं. सहा-आठ आठवड्यांच्या आसपास धाप, घाम, अर्धवट दूध, न वाढणारं वजन, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. तेव्हा पहिल्या डॉक्टरवर चिडू नका. आणि बाळ निळं पडलं नाही म्हणजे हृदय चांगलं, असंही धरू नका. या भोकांत बाळ गोरंगुलाबी असतं. निळं पडतं ते फार उशिरा, आणि पडद्याच्या भोकात निळं पडणं म्हणजे गाडी सुटली.

ती गाडी कशी सुटते ते सांगते, कारण मला तुमच्याशी बोलायचं आहे ते खरं म्हणजे याच्याबद्दल. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या नाजूक, कमी दाबासाठी बनलेल्या. त्यांच्यावर रात्रंदिवस जोराचं रक्त आदळत राहिलं की त्या स्वतःला वाचवायला जाड होतात, आतून अरुंद होतात. काही काळ आईबापांना वाटतं मूल सुधारलं, धाप कमी झाली, वजन धरलं, न्यूमोनिया थांबला. देव पावला म्हणून नवस फेडून येतात. आत मात्र फुप्फुसाचा दाब चढत असतो. एक दिवस तो शरीराच्या दाबाला गाठतो, ओलांडतो, आणि प्रवाह उलटा फिरतो. अशुद्ध रक्त अंगात जायला लागतं, ओठ-नखं निळी पडतात. १८९७ साली व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी असा बत्तीस वर्षांचा एक रुग्ण नोंदवला. या टप्प्यावर भोक बुजवणं धोक्याचं, कारण तेच आता उजव्या बाजूची वाफ सोडणारी शिट्टी झालेलं असतं. जे सहा महिन्यांच्या वयात नीट झालं असतं, ते सोळाव्या वर्षी करता येत नाही.

मधुबाला आठवते? तिच्या हृदयाच्या पडद्यात भोक होतं. १९५४ साली मद्रासला चित्रीकरण चालू असताना तिला खोकल्यातून रक्त पडलं. १९६० मध्ये लंडनला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायला नकार दिला. २३ फेब्रुवारी १९६९ ला मुंबईत ती गेली, वय ३६.

तिला रक्त पडलं त्याच १९५४ च्या २६ मार्चला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय नावाच्या सर्जनने एक वर्षाच्या एका मुलाचा व्हीएसडी शिवला. त्याआधी दीड वर्ष, तिथेच, जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या मुलीचं अंग थंड करून मिनिटांच्या हिशेबात एएसडी बंद केला होता. पण खालच्या भोकाला मिनिटं पुरत नाहीत. हृदय थांबवून उघडायचं तर तेवढा वेळ रक्त कोण फिरवणार? लिलेहायनी मुलाच्या बापाला शेजारच्या टेबलावर झोपवलं. बापाच्या मांडीच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी मुलाला जोडल्या. भोक शिवून होईपर्यंत मुलाच्या अंगात बापाच्या हृदयाने आणि फुप्फुसांनी रक्त फिरवलं. शिवण पक्की राहिली, मूल मात्र अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेलं. तरी लोक थांबले नाहीत. साधारण सव्वा वर्षात अशा एकूण ४५ शस्त्रक्रिया झाल्या आणि २८ मुलं चालत-खेळत घरी गेली. एका वेळी दोन माणसांचा जीव पणाला लावणारी ही शस्त्रक्रिया पुढे हार्ट-लंग मशीनने मागे टाकली. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करताना ज्या बापांचा हात थरथरतो, त्यांना मी ही हकिकत सांगते. तुम्हाला आज नुसती सही करायची आहे.

आज काय करतात? मोठ्या व्हीएसडीला आधी लघवीचं औषध देतात, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं. दूध थोडं थोडं, पण दर दोन तासांनी. वरचं सुरू झालं असेल तर पेजेत डॉक्टर सांगतील तेवढं खोबरेल तेल. या बाळाला धापा टाकण्यातच ताकद घालवावी लागते, म्हणून त्याला इतरांपेक्षा जास्त कॅलरी लागतात. लसी सगळ्या, वेळच्या वेळी. "हार्टचं मूल आहे, सुई नको" हे उलटं आहे, त्याला न्यूमोनियाची लस इतरांहून जास्त हवी. तरीही वजन धरलं नाही तर तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास शस्त्रक्रिया. छातीचं मधलं हाड उघडून, हृदय थांबवून, भोकावर ठिगळ शिवतात, कधी कृत्रिम कापडाचं, कधी बाळाच्याच हृदयावरच्या आवरणाचं. सर्जनची खरी परीक्षा तुळईखालच्या त्याच कोपऱ्यात असते. भोकाच्या काठाला लागून हृदयाच्या विजेची मुख्य वायर जाते. टाका तिच्यात गेला तर ठोके मंदावतात आणि क्वचित पेसमेकर लागतो. हे घाबरवायला सांगत नाही, सर्जनला विचारायला सांगते. चांगला सर्जन असा प्रश्न विचारला म्हणून रागावत नाही.

एएसडी बहुतेकदा तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत थांबू शकतो. भोक बारीक असेल तर मिटण्याचीही संधी असते, ८ मिलिमीटरच्या वर मिटेल याची आशा कमी. भोवती पुरेशी कड असेल तर छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून घडी केलेली जाळीची चकती भोकात उघडतात. आपल्याकडे लोक तिला छत्री म्हणतात, आणि तो शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा बरा आहे. ती निटिनॉलच्या तारेची असते, दाबली तरी स्वतःचा आकार लक्षात ठेवणारी. सहा महिन्यांत तिच्यावर हृदयाचंच अस्तर चढतं. मूल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतं. कड नसेल तर मात्र छत्री टिकणार नाही, टाकेच घालावे लागतात. "आम्हाला बिनटाक्याचंच करायचंय" असा हट्ट धरून दोन दोन वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. कड आहे की नाही हे भोकाच्या जागेवर ठरतं, आपल्या मर्जीवर नाही.

पैशाचं. ज्या बापाने घसा खाकरला त्याच्यासाठी. ६ फेब्रुवारी २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून. अंगणवाडीत आणि शाळेत गाडी घेऊन जी पथकं येतात, ती याची. हृदयदोष सापडलेल्या मुलाचा पुढचा उपचार या कार्यक्रमातून होऊ शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, मग शेत गहाण टाकायचा विचार करा. एका बापाने माझ्या ओळखीत दीड एकर विकलं आणि नंतर त्याला कळलं, की ज्या रुग्णालयात पैसे भरले तिथेच योजना होती. कुणी त्याला सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

इकोनंतर डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. भोक कुठे आहे, किती मिलिमीटर आहे, फुप्फुसाचा दाब किती आहे, आणि पुन्हा कधी यायचं. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. "बघू, वाढेल तसं मिटेल" हे उत्तर अर्धं आहे. मिटेलही, पण मिटलं हे इको सांगणार, मूल धावतंय यावरून ठरवायचं नाही.

एका मुलीचं सांगते. आठ वर्षांची असताना शाळेच्या तपासणीत तिचा एएसडी सापडला. मी पुण्याला पाठवलं, तिथे छत्री बसेल असं सांगितलं. आईबाप परत आले ते म्हणाले, "मुलीची जात आहे, कुठं बोलू नका. लग्नाचं झालं की बघू." मी भांडले, मग पुढच्या तारखेला ते आलेच नाहीत. मुलगा असता तर आले असते असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. चौदा वर्षांनी तीच मुलगी आली, पाचवा महिना, जिना चढताना दम लागतो म्हणून सासूबाई घेऊन आल्या होत्या. आई बरोबर होती. मी ओळखलं आणि तोंड उघडणार तोच आईने सासूबाईंच्या पाठीमागून हात जोडले. मी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि मुलीला विचारलं, तुला माहीत आहे का? तिला माहीत नव्हतं. तिच्या हृदयाचा रिपोर्ट माहेरी आईच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत होता.

तिचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयात नीट पार पडलं, नंतर छत्रीही बसली. वेळ हातातून गेली नव्हती, हे तिचं नशीब. सासरी सांगितल्यावर फार काही झालं नाही, सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, की आधी सांगितलं असतं तर हिला पाण्याच्या कळशा वाहू दिल्या नसत्या.

तेव्हा भोक बुजलेलं असो, मिटलेलं असो की तसंच असो, इकोचे सगळे रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद आणि छत्रीचं कार्ड एका फाइलमध्ये लावा. फाइल लपवू नका. मूल अठरा वर्षांचं झालं की, मुलगा असो वा मुलगी, त्याला समोर बसवा, पान पान समजावून सांगा आणि ती फाइल त्याच्या हातात द्या.